वाया गेलेले जगज्जेते

12 फेब्रुवारी 1990, सोमवार. मिरजेतल्या वाचनालयात त्या दिवशी पेपरसाठी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, कारण पहिल्या पानावर नेल्सन मंडेला तुरुंगातून बाहेर आल्याची बातमी होती. माझा नंबर लागेपर्यंत मी आतलं क्रीडापान घेऊन बसलो. तिथे दुसरी बातमी होती. टोकियोमध्ये माइक टायसन हरला होता. हरवणारा जेम्स ‘बस्टर’ डग्लस. हे नाव त्या टेबलाभोवतीच्या कोणीही ऐकलेलं नव्हतं.

मी तेव्हा 21 वर्षांचा होतो. अभियांत्रिकीचं शिक्षण दुसऱ्या वर्षात सोडून घरी परतलो होतो. नातेवाइकांत माझ्याविषयी एक वाक्य ठरून गेलं होतं, “हुशार होता, वाया गेला.” त्यामुळे हरणार म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलेला एक माणूस जिंकला, याचा मला झालेला आनंद थोडा स्वार्थीच होता. पैजेच्या बाजारात डग्लसचा भाव 42 ला 1 असा होता. मी त्याचा फोटो वहीत चिकटवला.

आठ महिन्यांनी, 25 ऑक्टोबर 1990 ला, हाच डग्लस लास व्हेगासमध्ये इव्हँडर होलिफील्डसमोर तिसऱ्या फेरीत आडवा झाला. टोकियोत त्याचं वजन 231 पौंडांच्या आसपास होतं, आता ते 246 होतं. सुटलेलं पोट फोटोतही दिसत होतं. वाचनालयातले एक काका म्हणाले, “पैसा मिळाला, संपला.” मी वहीच्या त्या पानावर शीर्षक लिहिलं, ‘वाया गेलेले’. डग्लसच्या आधी असे कोण कोण झाले, हे शोधायला मी तिथून सुरुवात केली.

पुढची पस्तीस वर्षं मी दुकानदारांचे हिशेब लिहून पोट भरलं आणि उरलेल्या वेळात ही वही. सुरुवातीला रद्दीतली इंग्रजी मासिकं शब्दकोश घेऊन वाचत होतो. नंतर इंटरनेट आलं आणि ज्या लढतींचे फक्त आकडे माहीत होते त्या यूट्यूबवर पाहता आल्या. हिशेबनिसाच्या सवयीने मी प्रत्येक मुष्टियोद्ध्याची तीन खाती काढली: लढतीच्या दिवशीचं वजन, दोन लढतींमधलं अंतर आणि हातात आलेले पैसे. ही खाती भरता भरता शीर्षकाविषयीच शंका यायला लागली. ती का आली, हे या लेखात मांडतो.

एका पट्ट्याचे आठ मालक

माझ्या वहीचा बराचसा भाग एकाच पिढीने व्यापला आहे. मुहम्मद अली उतरणीला लागला तेव्हापासून टायसन उगवेपर्यंतचा हा काळ, साधारण 1979 ते 1987. अमेरिकेतले मुष्टियुद्धावर लिहिणारे या पिढीला ‘हरवलेली पिढी’ म्हणतात. त्या काळात हेवीवेटचा खरा राजा लॅरी होम्स होता. त्याने 1978 मध्ये केन नॉर्टनला हरवून डब्ल्यूबीसी या संघटनेचं पद मिळवलं. पण डब्ल्यूबीए ही दुसरी संघटना आपला वेगळा जगज्जेता नेमत होती. या दुसऱ्या पट्ट्याचा प्रवास पाहा.

ऑक्टोबर 1979 मध्ये जॉन टेटने तो दक्षिण आफ्रिकेत जिंकला. मार्च 1980 मध्ये गुणांवर पुढे असताना, शेवटच्या पंधराव्या फेरीतला मिनिटभरापेक्षा कमी वेळ उरला असताना, माइक वीव्हरने त्याला झोपवलं. वीव्हरकडून 1982 च्या डिसेंबरात मायकेल डोक्सकडे, डोक्सकडून 1983 मध्ये गेरी कुत्झीकडे, कुत्झीकडून 1984 च्या डिसेंबरात ग्रेग पेजकडे, पेजकडून पाच महिन्यांत टोनी टब्जकडे, टब्जकडून 1986 च्या जानेवारीत टिम विदरस्पूनकडे आणि विदरस्पूनकडून त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘बोनक्रशर’ जेम्स स्मिथकडे. मार्च 1987 मध्ये स्मिथकडून टायसनने तो घेतला आणि ही साखळी थांबली.

साडेसात वर्षांपेक्षा कमी काळात आठ मालक. या आठ जणांनी मिळून पद यशस्वीपणे राखलं ते फक्त चार वेळा. वीव्हरने दोनदा, विदरस्पूनने एकदा, आणि डोक्सने एकदा, तेही बरोबरी झाली म्हणून. शेजारच्या पानावर एकट्या होम्सने पद राखलं होतं वीस वेळा.

हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की हे आठ जण सामान्यच असावेत. पण लढती पाहिल्यावर तसं म्हणवत नाही. ग्रेग पेज अलीच्याच लुईव्हिल गावचा. पोरवयात त्याने सरावात अलीसमोर हातमोजे घातले होते. एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाचे हात इतके भरभर चालतात, हे पाहून अलीचा वारस म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. डोक्सच्या ठोशांचा वेग मधल्या वजनगटातल्या योद्ध्यासारखा होता. टब्ज नवशिक्या असतानाच उत्तम बचावासाठी ओळखला जायचा. डब्ल्यूबीसीचा पट्टा काही काळ ज्याच्याकडे होता त्या पिंकलन थॉमसचा डावा जॅब आजही शिकवण्यासाठी दाखवावा असा आहे. आणि विदरस्पून! मे 1983 मध्ये अवघ्या पंधरा लढतींच्या अनुभवावर तो होम्ससमोर उभा राहिला. नवव्या फेरीत त्याने होम्सला असा हलवला की राजा खाली येतो की काय असं वाटलं. पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने होम्स वाचला.

म्हणजे कमतरता गुणांची नव्हती. मग काय झालं?

वजनाला नसलेली वरची रेघ

पहिलं कारण या गटाच्या नियमातच आहे. बाकी प्रत्येक वजनगटाला वरची मर्यादा असते. लाइटवेटचा जगज्जेता दिवाळीचा फराळ करून आला, तर तराजू त्याला रिंगणात जाऊच देत नाही. वस्तादाने सांगो वा न सांगो, तराजूची भीती त्याला वर्षभर धावायला लावते. हेवीवेटला मात्र फक्त खालची मर्यादा आहे. वर आभाळ मोकळं. सराव चुकवल्याची शिक्षा तराजूवर मिळत नाही. ती आठव्या-नवव्या फेरीत मिळते, आणि तोवर करार झालेला असतो, तिकिटं विकलेली असतात.

माझ्या वहीतलं वजनाचं खातं हेच सांगतं. होम्सशी लढला तेव्हा विदरस्पून सुमारे 220 पौंडांचा, म्हणजे शंभर किलोच्या आसपास होता. तीन वर्षांनी जगज्जेता म्हणून तो सुमारे 234 वर गेला होता. 1988 मध्ये टायसनशी टोकियोत लढायला गेलेल्या टब्जला तर वजन 235 च्या खाली ठेवलंस तर जादा पैसे देऊ, असं आमिष दाखवावं लागलं होतं. तो 238 वर आला आणि दुसऱ्या फेरीत संपला. तीन-चार पौंडांसाठी माणूस खात्रीचे पैसे सोडतो, याला काय म्हणावं हे मला बराच काळ कळत नव्हतं.

दुसरं कारण अमली पदार्थ. 1980 च्या दशकात अमेरिकी शहरांत कोकेन पसरलं, आणि पंचविशीतल्या, अचानक पैसा हाती आलेल्या, दोन लढतींच्या मध्ये महिनोन्‌महिने रिकामा वेळ असलेल्या तरुणांइतकं सोपं गिऱ्हाईक त्याला कुठलं मिळणार? टेट, डोक्स, टब्ज, थॉमस या सगळ्यांच्या गोष्टीत ते येतं. थॉमसला तर हेरॉइनने पोरवयातच गाठलं होतं. विदरस्पून टब्जला हरवून जगज्जेता झाला त्याच लढतीनंतरच्या तपासणीत गांजा सापडला.

इथे मला कोणालाही धुऊन काढायचं नाही. डोक्स पुढे आपल्या प्रेयसीला केलेल्या भयंकर मारहाणीबद्दल तुरुंगात गेला. त्याची जबाबदारी कोणत्याही परिस्थितीवर टाकता येत नाही. या माणसांनी आपल्या हाताने बरंच घालवलं, हे पहिल्या दोन खात्यांवरून मान्यच करावं लागतं. अडचण तिसऱ्या खात्यापाशी येते.

बाप प्रमोटर, मुलगा मॅनेजर

पैशाचं खातं समजायला या धंद्याची रचना समजावी लागते. प्रमोटर लढत भरवतो. सभागृह, टीव्हीचे हक्क, तिकिटं हा त्याचा व्यवसाय. योद्ध्याला जितकं कमी द्यावं लागेल तितका त्याचा नफा. मॅनेजर हा योद्ध्याचा माणूस. प्रमोटरशी भांडून जास्तीत जास्त मानधन काढणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी त्याला टक्केवारी मिळते. या दोघांचं पटू नये अशीच ही व्यवस्था आहे.

त्या काळात हेवीवेटच्या दुनियेवर डॉन किंग या प्रमोटरची पकड होती. जगज्जेत्याशी लढायची संधी हवी तर आव्हानवीराने आधी लिहून द्यायचं, की मी जिंकलो तर माझ्या पुढच्या लढतीही तुम्हीच भरवाल. म्हणजे पट्टा कोणाच्याही कमरेला जावो, तो फिरून एकाच घरात राहतो. आता साखळीतले ते आठ मालक पुन्हा आठवा. पट्टा दर वर्षी हात बदलत होता, याने प्रमोटरचं काही अडत नव्हतं. एखादा योद्धा दहा वर्षं टिकावा म्हणून त्याच्यावर मेहनत घ्यायची गरजच उरली नव्हती. एक सुटला की दुसरा तयार.

विदरस्पूनचा मॅनेजर होता कार्ल किंग, म्हणजे डॉन किंगचा सावत्र मुलगा. एका घरातला बाप पैसे देणारा आणि मुलगा घेणाऱ्याच्या वतीने बोलणारा. जुलै 1986 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये विदरस्पूनने इंग्लंडच्या लाडक्या फ्रँक ब्रुनोला अकराव्या फेरीत हरवलं. आव्हानवीर ब्रुनोला सुमारे 9 लाख डॉलर मिळाले. कापाकापी होऊन जगज्जेत्या विदरस्पूनच्या हातात पडले सुमारे 90 हजार. मॅनेजरचा वाटा होता निम्मा.

मी तीस वर्षं दुकानांचे हिशेब लिहिले आहेत. मालकाला नोकराच्या दहावा हिस्सा मिळाल्याची नोंद मी कधी केलेली नाही.

पाच महिन्यांनी, डिसेंबर 1986 मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विदरस्पून ‘बोनक्रशर’ स्मिथसमोर उतरला. ठरलेला प्रतिस्पर्धी टब्ज होता, पण तो ऐनवेळी गळाला. स्मिथला विदरस्पूनने वर्षभरापूर्वीच गुणांवर सहज हरवलेलं होतं. या वेळी पहिल्याच फेरीत तो तीनदा खाली गेला आणि लढत थांबली. पुढे त्याने किंगवर अडीच कोटी डॉलरचा दावा लावला. 1992 मध्ये सुमारे 10 लाखांवर तडजोड झाली. तोवर त्याची उमेदीची वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली होती.

ही लढत मी अनेकदा पाहिली आहे. आधी मला तिच्यात एक आळशी, सुटलेला माणूस दिसायचा. ब्रुनोच्या लढतीचा हिशेब वाचल्यावर दिसायला लागला तो पहाटे उठून धावण्याचं कारण हरवलेला माणूस. टब्जने सोडलेल्या त्या जादा पैशांचंही मग कोडं राहिलं नाही. कागदावरचा आकडा आणि हातात येणारा आकडा यांचा संबंध नसतो हे एकदा कळलं, की आमिषही काम करत नाही.

मग होम्सचं काय?

इथे एक रास्त आक्षेप निघतो. लॅरी होम्सही त्याच प्रमोटरकडे होता. आपल्याला लुबाडलं गेलं, अशी तक्रार त्यानेही केली. तो का नाही वाया गेला? 1985 मध्ये मायकेल स्पिंक्सकडून हरेपर्यंत त्याने 48 लढती जिंकल्या होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन या आपल्या गावी त्याने जमीनजुमला आणि धंदा उभा केला.

आक्षेप खरा आहे, म्हणून व्यवस्थेलाच सगळा दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. पण होम्सचं खातं नीट पाहिलं तर एक फरक ठळक दिसतो. शाळा सोडून गाड्या धुणारा हा मुलगा पुढे अनेक वर्षं अलीचा सरावातला जोडीदार होता. पदासाठी लढला तेव्हा तो 28 वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर 27 विजय होते. त्याची उमेदवारी लांबली, आणि त्या उमेदवारीत काम अंगात मुरलं. विदरस्पूनला पंधरा लढतींत शिखरासमोर उभं केलं गेलं. 1983 मध्ये आयबीएफ ही तिसरी संघटना निघाली आणि पट्टे आणखी वाढले. पट्टे वाढले की त्यांच्यासाठी योद्धे लागतात, आणि मग अर्धं कच्चं फळही बाजारात जातं. आपल्या तालमींत पोराला लवकर मोठ्या फडात उतरवू नये म्हणतात, ते याच अनुभवातून आलं असावं.

डग्लस पुन्हा

आता माझ्या पहिल्या पानाकडे येतो. टोकियोच्या आधीही डग्लसची ख्याती ‘हात आहेत, मन नाही’ अशीच होती. 1987 मध्ये आयबीएफच्या पदासाठी टोनी टकरशी चांगला लढत असताना दहाव्या फेरीत तो एकाएकी विझल्यासारखा झाला आणि हरला. मग टोकियोच्या लढतीच्या 23 दिवस आधी त्याची आई लुला पर्ल गेली. तिने लोकांना सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा टायसनला हरवणार. आठव्या फेरीत खाली पडूनही तो उठला आणि दहाव्या फेरीत त्याने ते करून दाखवलं.

नंतरचे महिने मात्र सरावात गेले नाहीत, ते भांडणात गेले. आठव्या फेरीत पंचाने आकडे सावकाश मोजले, या मुद्द्यावर निकालच फिरवायचा प्रयत्न झाला. मग करारावरून कोर्टबाजी झाली. होलिफील्डसमोर उतरला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलरचं मानधन होतं, आणि ज्याच्यासाठी लढावं असं काही उरलेलं नव्हतं. पुढे वजन चारशे पौंडांकडे गेलं. 1994 मध्ये तो मधुमेहाने बेशुद्ध होऊन मरता मरता वाचला. पण तो वाचला, सावरला, पुन्हा काही लढती लढला, आणि कोलंबस या आपल्या गावी पोरांना मुष्टियुद्ध शिकवू लागला. एका रात्रीत त्याने जे केलं ते माझ्या वहीतल्या इतर कोणालाही जमलं नाही. त्याला वाया गेला म्हणताना आता माझी जीभ अडखळते.

9 मार्च

शेवटी ग्रेग पेज. 9 मार्च 1984 रोजी लास व्हेगासमध्ये तो विदरस्पूनशी डब्ल्यूबीसीच्या पदासाठी लढला आणि हरला. त्या लढतीत त्याचं पोट पट्ट्यावर आलेलं दिसतं. वर्षअखेरीस त्याने दुसऱ्या संघटनेचा पट्टा जिंकला, पाच महिन्यांत घालवला. मग सरावाचा जोडीदार म्हणून पैसे मिळवू लागला. 1990 च्या जानेवारीत टोकियोत सरावादरम्यान त्याने टायसनला खाली पाडलं होतं. गुण तोवरही शाबूत होते.

बरोबर सतरा वर्षांनी, 9 मार्च 2001 रोजी, 42 वर्षांचा पेज केंटकीतल्या अर्लँगर गावी एका छोट्या सभागृहात लढला. मानधन होतं 1500 डॉलर. दहाव्या फेरीत तो दोरांवर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिथे अँब्युलन्स नव्हती, प्राणवायू नव्हता. 1996 च्या अमेरिकी कायद्यानुसार अँब्युलन्स किंवा सामग्रीसह वैद्यकीय पथक हजर असणं बंधनकारक असूनही नव्हतं. शरीराची एक बाजू कायमची गेली. पत्नीने आठ वर्षं त्याची शुश्रूषा केली. 27 एप्रिल 2009 रोजी तो गेला. त्याच्या बाजूने लढलेल्या खटल्यात 2007 मध्ये 12 लाख डॉलरची तडजोड झाली आणि केंटकीत सुरक्षेचे कडक नियम त्याच्या नावाने आले. अलीच्या नावाने 2000 मध्ये झालेल्या कायद्याने मॅनेजर आणि प्रमोटर एकमेकांच्या खिशात असू नयेत, आणि लढतीतून किती पैसा आला हे योद्ध्याला सांगावं, अशी सक्ती केली. विदरस्पूनला या कायद्याचा उपयोग नव्हता. तो 2003 पर्यंत, पंचेचाळिशीपर्यंत लढत राहिला.

‘वाया जाणं’ या क्रियापदात कर्ता विचारायची सोय नाही. दूध नासतं तसा माणूस वाया जातो, कोणी काही केलेलं नसतं. ‘वाया घालवणं’ म्हटलं की मात्र प्रश्न उभा राहतो: कोणी? माझ्या तिन्ही खात्यांची बेरीज केली तर उत्तर एका नावात येत नाही. वजनाचं आणि व्यसनाचं खातं त्यांच्या नावावर आहे. पैशाचं आणि घाईचं खातं बरंचसं दुसऱ्यांच्या नावावर. आणि अर्लँगरच्या त्या सभागृहाबाहेर नसलेल्या अँब्युलन्सचा हिशेब तर पेजच्या आळसाशी जोडताच येत नाही.

गेल्या वर्षी वही नव्याने उतरवून काढली. जुनं शीर्षक पुसलं. नवं अजून सुचलेलं नाही. सध्या त्या जागी फक्त नावं आहेत: टेट, डोक्स, पेज, टब्ज, थॉमस, विदरस्पून, डग्लस. प्रत्येक नावापुढे वजनाचा आणि पैशाचा रकाना.